टू-व्हील ड्राइव्ह पिकअप घरीच फोर-व्हील ड्राइव्ह करताना

काटोलकडच्या आमच्या वावरापर्यंत डांबरी रस्ता जात नाही. शेवटची दीड किलोमीटर पांदण आहे, आणि आंबिया बहाराची तोड सुरू होते तेव्हा परतीच्या पावसाने ती बरेचदा ओलीच असते. काळी कापसाची जमीन भिजली की टायरच्या खाचा मातीने भरून टायर गुळगुळीत होतो, आणि संत्र्यांच्या कॅरेटनी भरलेली पिकअप मागचे एक चाक जागच्या जागी फिरवत आसापर्यंत रुतते. दोन हंगाम मी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात माल उशिरा पोहोचला तर भावात किती फरक पडतो, हे संत्रा उत्पादकाला वेगळे सांगायला नको. तिसऱ्या उन्हाळ्यात नागपुरातल्या घराच्या अंगणात मी त्याच पिकअपच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जोडून घेतली.

या कामाची माहिती गॅरेजांमधून तोंडी मिळते, पण ती तुकड्यातुकड्यांत मिळते, आणि प्रत्येक मिस्त्री आपल्या वाट्याचे तेवढेच सांगतो. संपूर्ण क्रम कुठेच न मिळाल्याने माझा एक महिना आणि बराच पैसा वाया गेला. तुमचा जाऊ नये म्हणून तो क्रम येथे सविस्तर देत आहे.

१. आपली गाडी या कामाची आहे का ते ठरवा

हे मार्गदर्शन शिडीसारखी चासी, लांबीच्या दिशेने बसवलेले इंजिन आणि पुढे पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) उभा असलेला सरळ ॲक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातल्या जुन्या जीप आणि त्यांच्याच चासीवर बांधलेल्या पिकअप या जातीच्या आहेत. त्यांतली अनेक मॉडेल कारखान्यातून दोन्ही प्रकारांत निघत असल्यामुळे लागणारे भाग बाजारात मिळतात आणि मोजमापेही बहुतेक जुळतात.

पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे टॉर्शन बार किंवा कॉइल स्प्रिंग असेल, तर हे काम घरी हाती घेऊ नये. तेथे डिफरन्शियल (ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा संच) चासीला टांगावे लागते आणि सस्पेन्शनचे सगळे हात बदलावे लागतात. त्यात एक कोन जरी चुकला तरी गाडी रस्त्यावर सरळ चालत नाही.

योग्य गाडी असली तरी आधी गरजेचा विचार करावा. वर्षातून चार-सहा दिवसच गाडी अडत असेल, तर खोल खाचांचे टायर आणि एक चांगली विंच (दोराने गाडी ओढणारे यंत्र) यांवर भागते, आणि त्यासाठी गाडी महिनाभर उघडी पाडावी लागत नाही. माझी पांदण तोडीचे पूर्ण दोन महिने त्रास देत होती, म्हणून मी पुढे गेलो.

चासीची तपासणी याच वेळी करावी. हातोडीने ठोकत जावे. गंजलेल्या जागी आवाज बसका येतो. पुढच्या पाट्यांच्या खुंट्यांजवळ आणि गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीजवळ भेग किंवा गंज आढळल्यास आधी चासीचे काम करून घ्यावे.

२. आरटीओची लेखी परवानगी घ्या

हा टप्पा बहुतेक लोक शेवटी ठेवतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, कायद्यात न बसणारा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे पाना हातात घेण्यापूर्वी अर्ज द्यावा.

गाडीची नोंदणी जेथे आहे त्याच कार्यालयात अर्ज जातो: एमएच ३१ असेल तर नागपूर शहर, एमएच ४० असेल तर नागपूर ग्रामीण आणि एमएच ४९ असेल तर पूर्व नागपूर. आपल्याच मॉडेलचा फोर-व्हील ड्राइव्ह प्रकार उत्पादकाने विकला होता, हे दाखवता येणे हा अर्जाचा सर्वांत भक्कम आधार असतो. म्हणून उत्पादकाच्या मॅन्युअलची किंवा भागांच्या सूचिपत्राची संबंधित पाने सोबत जोडावीत आणि तेच भाग बसवणार असल्याचे स्पष्ट लिहावे. अर्जाची पोच घ्यावी. कार्यालयाबाहेर कोणी ‘आधी करून घ्या, नंतर नोंद होऊन जाईल’ असे सांगितले, तर त्यावर विसंबू नये. परवानगी नाकारली गेली तर हा बदल करू नये. अशा वेळी कारखान्यातूनच फोर-व्हील ड्राइव्ह आलेली जुनी गाडी शोधावी, हेच शहाणपणाचे आहे.

जमवून ठेवायचे कागद असे:

– नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, आणि मालवाहू नोंद असल्यास योग्यता प्रमाणपत्र
– गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र
– उत्पादकाच्या मॅन्युअलमधील किंवा सूचिपत्रातील पानांच्या प्रती
– जुन्या भागांचे बिल, आणि ते ज्या गाडीतून निघाले तिचा नोंदणी क्रमांक व नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा
– बदलापूर्वीचे आणि बदलानंतरचे फोटो
– बदलापूर्वीची आणि नंतरची वजनकाट्याची पावती

शेवटचा कागद पुष्कळांना अनावश्यक वाटतो, पण गाडीचे एकूण परवानगी असलेले वजन या बदलाने वाढत नाही, रिकामे वजन मात्र वाढते. माझ्या पिकअपचे रिकामे वजन सुमारे १४० किलोने वाढले, म्हणजे २० किलोचे सात कॅरेट मला दर फेरीला कमी भरावे लागतात. विमा कंपनीलाही बदलाची लेखी माहिती द्यावी. न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

३. कोणती ट्रान्सफर केस घ्यायची ते ठरवा

संपूर्ण कामाची दिशा या एका निवडीवर अवलंबून आहे. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या मागे बसते आणि इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या अशा दोन प्रोपेलर शाफ्टांना (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यांना) देते. लो गिअरमध्ये ती वेग साधारण अडीच पटीने कमी करून तेवढीच ओढ वाढवते.

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये जी दातेरी चाकांची ट्रान्सफर केस येते, तिची पुढची आणि मागची अशी दोन्ही तोंडे गाडीच्या मध्यरेषेपासून उजवीकडे असतात. म्हणूनच त्या जीपच्या मागच्या ॲक्सलचा गोळाही (डिफरन्शियलचे फुगीर घर) मध्यभागी नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. तुमच्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपचा मागचा गोळा मध्यभागी असेल, तर ही केस घेतल्यावर मागचा ॲक्सलसुद्धा बदलावा लागतो. येथेच मालवाहू गाडीवाल्याची फसगत होते, कारण जीपचा मागचा ॲक्सल पिकअपच्या ॲक्सलपेक्षा हलका असतो आणि त्यावर पूर्ण भार टाकला की बेअरिंग व हाफ शाफ्ट टिकत नाहीत.

माझे मत असे आहे की माल वाहायचा असेल तर मागच्या ॲक्सलला हात लावू नये. मागचे तोंड गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत आणि फक्त पुढचे तोंड बाजूला असलेली ट्रान्सफर केस शोधावी. बोर्ग वॉर्नरच्या साखळीवर चालणाऱ्या केस याच प्रकारच्या आहेत. तिच्याबरोबर तिचा मूळ गिअरबॉक्स घेणे चांगले, कारण टू-व्हील ड्राइव्ह गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट आणि मागचे झाकण वेगळे असते आणि त्यावर केस थेट बसत नाही. असा जोड घेताना बेल हाउसिंगच्या बोल्टांच्या जागा, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनची (दातेरी खाचांची) संख्या आणि पायलट बेअरिंगचा व्यास हे तिन्ही आपल्या इंजिनाशी व क्लच प्लेटशी जुळतात का ते पाहावे. जुनी क्लच प्लेट सोबत घेऊन दुकानात जावे आणि ती शाफ्टवर सरकवून पाहावी; एका मिनिटात उत्तर मिळते.

केस वेगळी बसवून गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत छोटा शाफ्ट देण्याचीही एक पद्धत आहे. लांब चासीच्या गाडीत ती जमते, पण छोटा शाफ्ट नीट कोनात बसवणे अवघड असते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

४. पुढचा ॲक्सल घेण्यापूर्वी मोजा

माझी सर्वांत महाग चूक येथे झाली, म्हणून या टप्प्यावर थोडा जास्त वेळ थांबतो.

पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण सारखे असलेच पाहिजे. क्राउनचे (डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दात म्हणजे हे प्रमाण. ४३ आणि ८ दात असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८, ४७ आणि ११ असतील तर ४.२७. प्रमाणांत फरक असला की फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात, मधल्या सगळ्या भागांना पीळ पडतो आणि सर्वांत कमकुवत भाग तुटतो.

मी जुन्या भागांच्या एका दुकानातून पुढचा ॲक्सल घेतला. विक्रेत्याने ‘सेम आहे, डोळे मिटून घ्या’ असे सांगितले आणि मी तो टेम्पोत टाकून घरी आणला. संध्याकाळी अंगणात पिकअपचे मागचे एक चाक जॅकवर उचलले, दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी ओंडके लावले, गिअर न्यूट्रल केला आणि हॅन्डब्रेक सोडला. प्रोपेलर शाफ्टवर आणि चाकावर खडूने एकेक रेघ ओढली. एक चाक जमिनीवर घट्ट असताना दुसरे चाक बरोबर दोन फेरे फिरवले की क्राउन एक फेरा फिरतो, आणि त्या वेळी शाफ्ट जितके फेरे घेतो तेच प्रमाण. माझी मुलगी गाडीखाली वाकून शाफ्टचे फेरे मोजत होती. पाचाला थोडेसे कमी भरले, म्हणजे ४.८८. मग आणलेल्या ॲक्सलचा एक हब पक्का धरून दुसरा तसाच दोन फेरे फिरवला, तर खडूची रेघ चार फेरे आणि वर साधारण पाव फेऱ्यावर येऊन थांबली, म्हणजे ४.२७. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच. फरक जवळजवळ १४ टक्क्यांचा होता. विक्रेत्याने ॲक्सल परत घेतला, पण बरीच रक्कम कापून.

तेव्हा खडू आणि टेप घेऊनच दुकानात जावे आणि पैसे देण्यापूर्वी फेरे मोजावेत. झाकण उघडू देत असतील तर क्राउनवर ठोकलेले दातांचे आकडे वाचावेत. ४.०९ आणि ४.१० यांच्यासारखा अगदी बारीक फरक चालतो; त्याहून मोठा चालवून घेऊ नये.

त्याच वेळी पुढील गोष्टीही मोजाव्यात. डिफरन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला आहे, आणि ट्रान्सफर केसचे पुढचे तोंड त्याच बाजूला आहे का? दोन्ही पाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आणि पाट्याची रुंदी आपल्या गाडीशी जुळते का? एका हबपासून दुसऱ्या हबपर्यंतची रुंदी जुन्या ॲक्सलइतकी आहे का? चाकाचे पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळात आहेत का, म्हणजे एकच स्टेपनी चारही चाकांना चालेल? काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात; ते माहीत नसेल तर नट सोडण्याच्या प्रयत्नात बोल्टच तुटतो.

मागचा ॲक्सल उलटा फिरवून पुढे लावता येईल, असे सांगणारेही भेटतात. तसे होत नाही. त्याला नकल, म्हणजे चाक वळवणारे टोकाचे भाग, नसतात.

५. जागा, वेळ आणि अवजारे

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हातला लोखंडी पाना हातात धरवत नाही. तरीही मी मे महिनाच निवडला, कारण मृग लागण्यापूर्वी गाडी चाकांवर उभी राहणे आवश्यक होते. अंगणावर हिरवी जाळी ताणली आणि सकाळी सहा ते दहा एवढ्याच वेळात काम केले. जमीन पक्की आणि सपाट हवी. मातीच्या अंगणात घोडीखाली (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी तिवईखाली) जाड लोखंडी पाट ठेवावा.

किमान तीन टन पेलणाऱ्या चार घोड्या, हायड्रॉलिक जॅक, गिअरबॉक्स उतरवायला चेन पुली ब्लॉक, गोटी सेट आणि रिंग पाने, टॉर्क पाना, बेअरिंग पुलर, ग्राइंडर, कोन मोजण्याचे साधन, स्प्रिंगचा तागडा आणि ग्रीस गन एवढी अवजारे लागतील. टॉर्क पाना आणि पुलर ओळखीच्या गॅरेजमधून भाड्याने मिळतात. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच घ्यावेत. डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. इतवारीतल्या लोहाओळीत मला सगळे मापाचे मिळाले. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. आधी घोड्या लावाव्यात आणि गाडी हलवून पाहावी.

६. जुने भाग उतरवा

बॅटरीची तार काढावी. प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, पुढचा ॲक्सल या क्रमाने भाग उतरवावेत आणि प्रत्येक जोडाचा फोटो घ्यावा. ब्रेकचे पाइप काढले की त्यांची तोंडे लगेच बंद करावीत, म्हणजे आत धूळ जाणार नाही. फ्लायव्हील उघडे असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून घ्यावे. पुन्हा एवढे उघडण्याची वेळ लवकर येऊ नये.

७. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस बसवा

नवा जोड जुन्या गिअरबॉक्सपेक्षा लांब असल्याने आडवी पट्टी मागे सरकवावी लागते. तिच्यासाठी चासीला भोके पाडायची ती फक्त उभ्या बाजूला पाडावीत. वरच्या आणि खालच्या आडव्या पानांना भोक पाडू नये आणि त्यांवर आडवे वेल्डिंगही करू नये, कारण चासीचा सगळा ताण त्या पानांमधूनच जातो आणि भेग तेथूनच सुरू होते. मी पट्टीचे कंस (ब्रॅकेट) हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून जाड पत्र्याचे वाकवून आणले आणि बोल्टने बसवले. कुठे वेल्डिंग अटळच असेल, तर डिझेलची टाकी आणि पाइप आधी काढून दूर ठेवावेत.

जोड चेन पुलीवर टांगून हळूहळू पुढे न्यावा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये सरळ शिरला पाहिजे. शिरत नसेल तर बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून ओढू नये. प्लेट मध्यावर नाही असे समजून ती पुन्हा बसवावी. फ्लोअरच्या पत्र्यात लिव्हरसाठी लागेल तेवढेच कापावे आणि रबरी झाकण लावावे, नाहीतर पहिल्याच पावसात चिखल पायांशी येतो. स्पीडोमीटरची केबल आता ट्रान्सफर केसमधून निघते. दर्शवलेला वेग ओळखीच्या अंतरावर ताडून पाहावा आणि फरक असल्यास केबलचे छोटे गिअर बदलावे.

८. पुढचा ॲक्सल बसवा

बसवण्यापूर्वी ॲक्सल पूर्ण उघडून स्वच्छ करावा. क्राउन-पिनियनच्या दातांवर खड्डे आहेत का, हाउसिंग वाकले आहे का, नकलमधला सांधा वळताना अडकतो का, हे पाहावे. किंगपिनची (नकल ज्यावर वळतो त्या खुंटीची) बेअरिंग आणि सगळे सील नवे घालावेत. नकल किती घट्ट वळतो ते तागड्याने ओढून मोजावे आणि शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावे. सैल राहिला तर चाळीसच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, फार घट्ट झाला तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही.

ॲक्सल पाट्यांवर ठेवला की गोळा आणि इंजिनाचे चेंबर (तळाची तेलाची टाकी) यांच्यातले अंतर बघावे. गाडी खड्ड्यात आपटली की ॲक्सल वर येतो, आणि त्या वेळी गोळ्याने चेंबर फोडू नये म्हणून बंपचे रबर योग्य उंचीचे असावे लागते. मी जॅकने ॲक्सल शेवटपर्यंत वर दाबून पाहिला, तेव्हा मध्ये जेमतेम बोटभर जागा उरत होती. मग जाड रबर बसवले. पाट्यांचे यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवेच वापरावेत. एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो आणि तो पुन्हा तितकी पकड देत नाही.

वळण थांबवणारे बोल्ट विसरू नयेत. स्टिअरिंग पूर्ण वळवले असता नकलमधला सांधा त्याच्या मर्यादेबाहेर वाकत असेल, तर तो जोर पडताच फुटतो. दोन्ही बाजूंनी हे बोल्ट लावून घ्यावेत आणि टायर पाट्याला घासत नाही हेही पाहावे.

९. प्रोपेलर शाफ्ट

दोन्ही शाफ्टांची लांबी गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली असताना मोजावी. घोडीवर असताना ॲक्सल खाली लोंबतो आणि माप चुकते. ट्रान्सफर केसमुळे मागचे तोंड मागे सरकते, म्हणून मागचा शाफ्ट कापून आखूड करावा लागतो आणि पुढचा नवा बनवावा लागतो. सरकत्या जोडाला आत जायला किमान २५ मिलिमीटर जागा ठेवावी, नाहीतर ॲक्सल वर आल्यावर शाफ्ट थेट ट्रान्सफर केसवर दणका देतो.

शाफ्ट कापणे आणि जोडणे हे घरी करण्याचे काम नाही. लेथवर कापून, जोडून आणि बॅलन्स करूनच घ्यावेत. दोन्ही टोकांचे यॉक (शाफ्टच्या टोकाचे दुबोटी भाग) एका रेषेत आहेत ना, ते स्वतः पाहावे. एक दात जरी सरकला तरी गाडी थरथरते आणि क्रॉस (यॉकमधले फुलीच्या आकाराचे सांधे) लवकर जातात. दोन्ही टोकांचे कोन एकमेकांशी १ अंशाच्या आत जुळले पाहिजेत. पुढच्या शाफ्टचा कोन जमत नसेल तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर बसवतात, पण त्याने चाकाचा कॅस्टर (वळणाच्या अक्षाचा मागे कललेला कोन) बदलतो. जुन्या जीपला तो साधारण ३ अंश लागतो. त्याचे भान ठेवावे.

१०. स्टिअरिंग आणि ब्रेक

नवा ॲक्सल जुन्यापेक्षा थोडा उंच बसला तर ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन वाढतो आणि खड्ड्यात चाक वर जाताच गाडी एका बाजूला ओढते. ड्रॅग लिंक शक्य तेवढी आडवी ठेवावी. टायरॉडचे सांधे नवे घालावेत, सगळ्या खिळी लावाव्यात आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्यावे.

नव्या ॲक्सलचे ब्रेक जुन्यापेक्षा लहान असतील तर तो ॲक्सल घेऊच नये, कारण गाडीचे वजन वाढलेले असते. रबरी होज नवे आणि पुरेसे लांब घ्यावेत. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि चाक खाली लोंबवून ते ताणले जात नाहीत ना, ते तपासावे. ब्रेकमधली हवा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून काढत यावे. या कामात एखाद्या अनुभवी मिस्त्रीला घरी बोलावून प्रत्येक जोड दाखवावा. मी दाखवला, आणि त्यांनी एका पाइपचा अर्धाच फिरलेला नट शोधून काढला.

११. तेल आणि ब्रीदर

गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांसाठी जीएल-४ दर्जाचे तेल आणि डिफरन्शियलसाठी जीएल-५ दर्जाचे ९० नंबरचे तेल वापरावे. सगळीकडे एकच तेल ओतण्याची सवय चांगली नाही. ट्रान्सफर केसला काय लागते ते तिच्या मॅन्युअलमध्ये पाहावे. साखळीच्या केसचे तेल वेगळे असू शकते. दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर (हवा येण्या-जाण्याची छिद्रे) रबरी नळीने बॉडीपर्यंत वर न्यावेत. गरम हाउसिंग नाल्याच्या पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि खालच्या ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते.

१२. इंजिन सुरू न करता तपासा

गाडी चारही घोड्यांवर, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस फोर-व्हील हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण लो गिअर नाही). आता मागचा शाफ्ट हाताने फिरवावा. पुढचा शाफ्ट तितकेच फेरे घेतो का आणि पुढची चाके मागच्यांच्याच दिशेने फिरतात का, ते खडूच्या खुणांवरून पाहावे. एकाच बाजूचे चाक फिरत असेल तर ते धरून ठेवावे, म्हणजे दुसरे फिरू लागेल. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून हीच तपासणी पुन्हा करावी. घोडीवर असताना इंजिनावर चाके फिरवू नयेत. गाडी घोडीवरून सुटली तर ती अंगणाची भिंत तोडून जाईल.

१३. पहिले किलोमीटर

पहिली चाल मऊ जमिनीवर, लो गिअरमध्ये, सरळ आणि मग वळणात घ्यावी. नंतर टू-व्हीलमध्ये डांबरी रस्त्यावर हळूहळू वेग वाढवून थरथर आणि ब्रेक तपासावेत. १०० किलोमीटरला आणि पुन्हा ५०० किलोमीटरला सगळे यू-बोल्ट, शाफ्टचे बोल्ट आणि आडव्या पट्टीचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत. ५०० किलोमीटरनंतर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल या तिन्ही ठिकाणचे तेल काढून त्यात लोखंडाचे कण आहेत का, ते पांढऱ्या कापडावर पाहावे.

या ट्रान्सफर केसच्या मध्ये डिफरन्शियल नसते, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नये. वळणात पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि हा फरक जिरायला घसरण लागते. ती चिखलात मिळते, डांबरावर मिळत नाही. चुकून लावली आणि लिव्हर अडकली तर जोर लावू नये. गाडी चार-पाच मीटर सरळ मागे घेतली की पीळ सुटतो आणि लिव्हर निघते. पांदण संपून मुख्य रस्ता लागतो तेथे मी एका बाभळीला पांढरा पट्टा मारला आहे. तो दिसला की घरातले कोणीही गाडी चालवत असो, लिव्हर टू-व्हीलवर येते.

बदल पूर्ण झाल्याची माहिती १४ दिवसांच्या आत आरटीओला द्यावी आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकांना दाखवून नोंदणी प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी. परवानगीचे पत्र, भागांची बिले आणि दोन्ही वजनांच्या पावत्या त्या दिवशी सोबत ठेवाव्यात. नोंद होईपर्यंत गाडीत माल भरू नये. नोंद झालेल्या प्रमाणपत्राची प्रत त्याच आठवड्यात विमा कंपनीला द्यावी.